बुधवारच्या मधल्या सुट्टीतला क्लब : साडेतीन तारे

बुधवारी नातीचा डबा दुप्पट भरायचा, हे सुनेनं मला आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, पोरीला त्या दिवशी खेळ असेल, भूक लागत असेल. महिनाभर मी इमानेइतबारे चार घावनांच्या जागी आठ घातली. मग एकदा डब्यात चिठ्ठी आली, इंग्रजीत, तीन वेगवेगळ्या अक्षरांत: 'थँक यू आजी'. तेव्हा कळलं की डबा क्लबात वाटला जातो. कसला क्लब? "मेंटल हेल्थचा गं, आजी."

मी चिपळूणला 31 वर्षं गणित शिकवलं. आमच्या शाळेत वाङ्मय मंडळ होतं, विज्ञान मंडळ होतं, स्काऊट-गाईड होतं. मनाच्या आजारांचं मंडळ आणि तेही पोरांनी चालवलेलं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. याआधी मी मिक्सरचं परीक्षण लिहिलंय, गुहागरच्या एका खानावळीचं लिहिलंय (ते वाचून तिथल्या मालकांनी सोलकढीत पाणी घालणं कमी केलं, असं मला उगाच वाटतं). तेव्हा याचंही लिहिते. फी नाही, वर्गणी नाही. खर्च झाला तो फक्त तांदळाच्या पिठाचा.

जागा कॅलिफोर्नियातली, सॅन होजेच्या जवळची एक सरकारी शाळा. नाव लिहीत नाही. इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. नात दहावीत आहे, पण बोर्ड नाही, त्यामुळे घरात सुतकी शांतता नाही. तरी ताण नाही असं समजू नका. पालो आल्टो इथून गाडीनं अर्ध्या तासावर. तिथे 2009-10 मध्ये आणि पुन्हा 2014-15 मध्ये शाळकरी मुलांच्या आत्महत्या एकामागून एक झाल्या. 2016 मध्ये केंद्र सरकारच्या सीडीसीची, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेची माणसं कारणं शोधायला या जिल्ह्यात येऊन राहिली. या भागातल्या आईबापांना त्या वर्षांबद्दल विचारलं की ती आवाज खाली आणून बोलतात. क्लबाला इथे कुणी हसत नाही, त्याचं एक कारण हे असावं.

मार्चमध्ये नातीनं क्लबाच्या बाईंना विचारून मला एक दिवस आत नेलं. ऑफिसात पासपोर्ट दाखवला, छातीवर 'व्हिजिटर'ची चिकटपट्टी लावली, आणि जीवशास्त्राच्या खोलीत शेवटच्या बाकावर बसले. सुट्टी 35 मिनिटांची. पाच मिनिटं पोरं येण्यात जातात, पाच परत वर्गावर पळण्यात. मधल्या पंचविसात जे काय व्हायचं ते होतं. बाई कोपऱ्यात पेपर तपासत होत्या. लक्ष सगळं इकडेच होतं; पेपर तपासण्याचं सोंग मला लांबूनही ओळखता येतं.

सुरुवात 'गुलाब, काटा, कळी'नं. प्रत्येकानं आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगायची, एक टोचलेली, आणि एक ज्याची वाट बघतोय अशी. नको असेल तर 'पास' म्हणायचं. एक उंच, हाडकुळा मुलगा म्हणाला, काटा म्हणजे काल रात्री घरी खूप आरडाओरडा झाला. बस, एवढंच. कुणी 'अरेरे' केलं नाही, कुणी उपदेश केला नाही. शेजारच्या मुलीनं घावनांचा डबा त्याच्या पुढ्यात सरकवला आणि पाळी पुढे गेली. माझ्या वर्गात कुणी असं बोललं असतं तर मी म्हटलं असतं, "बरं बरं, वही काढ." खरं म्हणजे माझ्या वर्गात कुणी बोललंच नसतं.

मग त्या दिवशीचं काम: मैत्रिणीला विचारायचं कसं. जोड्या करून सराव. "तू हल्ली गप्प असतेस" इथपासून सुरू करून थेट "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?" इथपर्यंत. माझ्या अंगावर काटा आला. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशीच माझी समजूत. ती चूक आहे, विचारल्यानं विचार पेरला जात नाही, हे पंधरा वर्षांची पोर फळ्यापाशी उभी राहून सांगत होती. दुसरा धडा याहून मोलाचा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचंच नाही. इथे बोललेलं इथेच राहतं, पण जिवाचा धोका असेल तर त्याच दिवशी मोठ्या माणसाला सांगायचं. बाईंनाही ते समुपदेशकापर्यंत न्यावंच लागतं, आणि हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. आपल्याकडे पोरं 'आईची शपथ, कुणाला बोलू नकोस' म्हणून एकमेकांना बांधून टाकतात. ती शपथ मोडायला शिकवणारा वर्ग मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. ओळखपत्राच्या मागे 988 हा नंबर छापलेलाच असतो; जीव द्यायचे विचार येत असतील तर फोन करायचा तो. 2022 च्या जुलैपासून तो देशभर चालतो. (महाराष्ट्रातल्यांसाठी: आपला 14416, टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी, 2022 च्याच ऑक्टोबरपासून. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर आपल्या किती शाळांच्या ओळखपत्रांवर आहे, ते तुम्हीच बघा.)

घरी आल्यावर नातीनं विचारलं, "स्टिग्माला मराठीत काय म्हणतात?" मी म्हटलं, कलंक. मग माझं मलाच पटेना. कलंक चंद्राला असतो, काव्यातला शब्द तो. घरात आम्ही म्हणायचो 'बट्टा'. घराण्याला बट्टा लागतो. तिला तो शब्द फार आवडला. "म्हणजे एकाला लागला की सगळ्यांना लागतो?" हो बाई, तसाच.

आता या प्रकाराची थोडी कुळकथा, कारण वस्तू कुठल्या कारखान्यातली हे बघितल्याशिवाय मी मत देत नाही. नातीचा क्लब मुलांनी स्वतः काढलेला आहे, पण कल्पना आयत्या मिळाल्यात. ग्लेन क्लोज नावाची हॉलिवूडची नटी आहे. तिच्या बहिणीला बायपोलर (मन कधी टोकाचं उत्साही, कधी टोकाचं उदास) आणि भाच्याला स्किझोअफेक्टिव्ह (त्यात भास-भ्रमही) हा आजार. तिनं 2010 मध्ये 'ब्रिंग चेंज टू माइंड' ही संस्था काढली, आणि ती आता हायस्कुलांत असे क्लब चालवायला मदत करते. तिच्या पहिल्या जाहिरातीत न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात माणसं टी-शर्ट घालून फिरतात. एकाच्या छातीवर आजाराचं नाव, तर त्याच्या शेजारच्याच्या छातीवर नातं. ग्लेनबाईंच्या शर्टावर लिहिलेलं असतं 'बहीण'. ही जाहिरात नातीनं मला फोनवर दाखवली आणि मी चष्मा पुसायचं निमित्त करून उठले. ते नंतर सांगते.

क्लबांचा उपयोग होतो का, हे तपासलेलंही आहे. लॉस एंजेलिसकडच्या हायस्कुलांत 'लेट्स इरेज द स्टिग्मा' नावाचे मुलांनी चालवलेले क्लब होते. त्यांचा अभ्यास 2014 मध्ये छापून आला. एका सत्रानंतर क्लबातल्या मुलांची मतं निवळली आणि अशा आजारी माणसापासून लांब राहण्याची इच्छा कमी झाली. लांब राहण्याची इच्छा मोजतात कशी, तर असल्या प्रश्नांनी: अशा मुलाशेजारी बसाल का, त्याच्याशी मैत्री कराल का? गणितवालीला हे आवडलं. अंतर मोजायचं म्हणजे मोजायचं.

तो अभ्यास करणाऱ्यांत बर्कली विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिनशॉ होते. त्यांचे वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मधूनमधून घरातून नाहीसे व्हायचे, कुठे ते पोरांना कळायचं नाही. डॉक्टरांनीच बजावलेलं, मुलांना सांगू नका. मुलगा कॉलेजातून पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरी आला, तेव्हा वडिलांनी अभ्यासिकेत बसवून सांगितलं. आजार होता बायपोलर, आणि कित्येक वर्षं उपचार चालले ते स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमाचा आजार समजून. हा माणूस पुढे आयुष्यभर बट्ट्याचाच अभ्यास करत बसला यात नवल नाही.

आता दोष. परीक्षणात दोष नसले की मला ते जाहिरातीसारखं वाटतं.

पहिला किरकोळ. क्लबात पदं फार. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, खजिनदार, 'सोशल मीडिया' बघणारे दोघे, आणि 'आउटरीच' म्हणून एक, ज्याचं काम काय ते त्यालाही सांगता येईना. कॉलेजच्या अर्जात लिहायला बरं पडतं, म्हणून. सप्टेंबरात पिझ्झा असतो तेव्हा चाळीस पोरं असतात म्हणे. मी गेले तेव्हा तेरा होती. आणि गंमत बघा, मे हा इथे मानसिक आरोग्याचा महिना, 1949 पासून पाळतात, आणि त्याच मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपीच्या, म्हणजे हायस्कुलातच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा. म्हणजे ज्या पंधरवड्यात पोरांना क्लबाची खरी गरज, त्याच पंधरवड्यात खोली रिकामी. त्या महिन्यात शाळेत माणसाळलेली कुत्री आणतात, पोरं त्यांना कुरवाळतात. कुत्र्यांबद्दल माझी तक्रार नाही.

दुसरा दोष घराचा आहे, क्लबाचा नाही, पण किंमत क्लबाला मोजावी लागते. कॅलिफोर्नियात 2022 पासून मनाच्या कारणासाठीही आजारपणाची रजा चालते. फेब्रुवारीत नातीनं तशी एक घेतली. माझा मुलगा संध्याकाळी म्हणाला, "दांडी मारायला नवीन नाव." पोरगी ताट तसंच ठेवून उठली. पंचवीस मिनिटांत पोरीला जे शिकवलं ते जेवणाच्या टेबलावर एका वाक्यात पुसलं गेलं. मीही काही बोलले नाही, हे इथे नोंदवते.

तिसरा दोष खरा, आणि त्याच्यासाठीच मी तारे कापलेत. या क्लबात 'स्ट्रेस' आहे, 'अँग्झायटी' आहे, थोडं डिप्रेशन आहे. सुवासिक मेणबत्त्या, मण्यांच्या माळा, दीर्घ श्वसन. पण वेड नाही. मुद्दाम तो शब्द वापरते. मी क्लबात गेले त्याच आठवड्यात नात आणि तिच्या दोन मैत्रिणींबरोबर मी स्टेशनवर उभी होते. एक माणूस स्वतःशीच बोलत, हातवारे करत फलाटावरून येत होता. कुणाच्या अंगावर येत नव्हता. तिघी पोरी झटकन माझ्या पाठीमागे सरकल्या आणि एक हसली. ही तीच, जिनं फळ्यापाशी तो धडा दिला होता. परीक्षेच्या ताणाला आता इज्जत मिळाली, चांगलंच झालं. पण ज्याला आवाज ऐकू येतात, त्याच्या वाट्याला फलाटाचं दुसरं टोकच.

मी हे नातीला बोलून दाखवलं. ती चिडली, मग गप्प झाली, आणि पुढच्या आठवड्यात क्लबात तिनं ते मांडलं. याचं श्रेय क्लबाला द्यायला हवं: म्हाताऱ्या पाहुणीची टीका त्यांनी मनावर घेतली. 'नामी' म्हणून या देशात 1979 पासूनची एक संस्था आहे, आजारी माणसांच्या घरच्यांनी काढलेली. तिचा शाळांसाठी एक कार्यक्रम असतो: एक जण आजारांची माहिती सांगतो, आणि जो त्यातून गेलाय असा एक तरुण स्वतःची गोष्ट सांगतो. पालकांसाठीही तसाच असतो. क्लबानं मेच्या शेवटी तो संध्याकाळचा ठेवला. खुर्च्या साठ, माणसं एकोणीस. त्यांत मराठी आम्ही तिघं, कारण मुलगा 'मीटिंग आहे' म्हणून आला नाही.

तो तरुण पंचविशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, हात किंचित थरथरत होते. म्हणाला, गोळ्यांमुळे थरथरतात, घाबरलोय म्हणून नाही. म्हणजे घाबरलोय पण. लोक हसले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी त्याला भिंतीपलीकडचे लोक आपल्याबद्दल बोलतायत असं ऐकू यायला लागलं. तो सांगत होता आणि मला आमची पडवी दिसत होती.

मी आले तेव्हापासून नात क्लबाचा एक गृहपाठ माझ्यामागे घेऊन फिरत होती: घरच्यांना विचारा, आपल्याकडे कुणाला होतं का? मी जानेवारीतच सांगून टाकलं होतं, "छे, आपल्याकडे नाही हो तसलं काही."

माझा थोरला भाऊ, अण्णा. गावातून रत्नागिरीला कॉलेजात गेलेला पहिला. "रत्नागिरीला गेलाय" हे तेव्हा कौतुकानं म्हणायचे. 1973 मध्ये परत आला तो रात्रभर जागा, बंद रेडिओशी बोलणारा. कौल लावले, गाऱ्हाणी घातली, नारळ झाले, अंगारे झाले. शेवटी "याला रत्नागिरीला न्या" असं लोक म्हणायला लागले, आणि आता त्याचा अर्थ मनोरुग्णालय असा होता. कोकणात ते अजून थट्टेत म्हणतात; ठाण्याकडे 'ठाण्याला' म्हणतात, पुण्यात 'येरवड्याला'. गोळ्यांनी तो पुष्कळ शांत झाला. पण 1977 मध्ये माझं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांना सांगितलं, थोरला मुंबईला नोकरीला असतो. लग्नाच्या दिवशी त्याला आत्याच्या घरी ठेवलं. हे सगळं माझ्यासाठी केलं, आणि मी काही विचारलं नाही. 1998 मध्ये तो गेला, त्याच पडवीत. माझ्या मुलाला 'मामाचं डोकं दुखतं' एवढंच ठाऊक.

पॅट्रिक कॉरिगन म्हणून एक संशोधक आहेत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 72 अभ्यास एकत्र करून बघितले, की माणसाच्या मनातला हा बट्टा कशानं निघतो, माहिती देऊन की आजारातून गेलेल्या माणसाला भेटवून. दोन्हींनी निघतो, पण किशोरांना माहितीचा जास्त उपयोग होतो आणि मोठ्यांना भेटीचा. माझ्यापुरतं सांगते, 31 वर्षांच्या नोकरीत शिबिरं झाली, पत्रकं आली, ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेचं काम मी 1990 पासून वाचत आले. माहितीची कमतरता मला कधीच नव्हती.

त्या रात्री जेवताना मी सांगितलं. मुलगा वरणात हात तसाच ठेवून बघत राहिला. "आई, मामाला हे होतं? तू मला कधी सांगितलं नाहीस." मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. हे उत्तर लबाडीचं होतं, कारण जिनं विचारलं तिलाही मी नाही म्हणाले होते. नातीनं मात्र वेगळंच विचारलं: "अण्णाआजोबांना काय आवडायचं?" पन्नास वर्षांत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. मला आठवायला वेळ लागला. मग आठवलं, बुद्धिबळ. स्वतःशीच खेळायचा, दोन्ही बाजूंनी, आणि कधीकधी हरल्यावर चिडायचाही.

तर साडेतीन तारे. मुलांनी मुलांशी बोलायची रीत, शपथ मोडायचा धडा आणि टीका ऐकून घेण्याची तयारी, यासाठी तीन. तो तरुण आणला, यासाठी अर्धा. बाकीचा दीड राखून ठेवलाय: त्याला पालकांच्या संध्याकाळी नुसतं न आणता सप्टेंबरात, पिझ्झाच्या दिवशी, चाळीस पोरांपुढे आणतील तेव्हा एक देईन. अर्धा एपीच्या पंधरवड्यात खोली उघडी ठेवली तर. आपल्याकडे असं कुणी काढणार असेल तर एक सूचना: शनिवारी शाळा सुटल्यावर ठेवू नका, पोरं क्लासला पळतात. डब्याच्या सुट्टीतच ठेवा, आणि खायला काहीतरी असू द्या. तोंडात घास असला की गप्प बसायची लाज वाटत नाही.

नातीनं बाईंना विचारलंय, पुढच्या वर्षी घरच्या माणसांनाही बोलायला बोलावता येईल का. बाई म्हणाल्या, ऑफिसला विचारून सांगते. मला इथे जूनच्या बारा तारखेपर्यंतच राहायची परवानगी आहे, तेव्हा बोलायचं झालं तर चिपळूणहून, व्हिडिओवर. इथली सुट्टी म्हणजे आमची मध्यरात्र, पण जागीन. जाण्याआधी शेवटच्या बुधवारी चकल्या पाठवतेय. तीळ घालायचे नाहीत, एका मुलाला चालत नाहीत.